पाणथळ जागा वाचवायच्या, पण खर्च कोणाच्या माथी?

हिवाळा लागला की अकोला-अमरावतीच्या वर्तमानपत्रांत पाहुण्या पक्ष्यांच्या बातम्या येतात. धरणाच्या काठी चक्रवाक आले, पट्टकदंब आले. आनंदच आहे. पण त्याच काठावर गाळपेर करणारा भूमिहीन, डांगरवाडी लावणारा, जाळे टाकणारा भोई त्या बातमीत नसतो. असलाच तर 'अतिक्रमणधारक' म्हणून असतो. आमचा आक्षेप पक्ष्यांवर नाही, या हिशेबावर आहे.

हिशेब नीट मांडू. फायदे खरे आहेत. पूर्णेचे खोरे म्हणजे खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारट, म्हणून वरचे गोडे पाणी हाच आधार. अकोला शहर महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी पिते. काठचे गवत, लव्हाळे वाहून येणारी माती अडवते, माशांची पिल्ले तिथेच वाढतात. हे फुकट मिळते म्हणून त्याची किंमत कोणी धरत नाही.

खर्चही खरा आहे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत हरभरा, टरबूज घेणाऱ्याला एका हंगामाची बंदी म्हणजे वर्षाची कमाई बुडाली. नदी सुरय उन्हाळ्यात उघड्या वाळूवर अंडी घालतो आणि डांगरवाडीही तेव्हाच उभी असते. हा संघर्ष नाकारून चालणार नाही. पण फायदा शहराला आणि खर्च भूमिहीनाला, ही वाटणी कोणी ठरवली?

कायद्याकडे बघा. 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून नदीपात्र आणि खास सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे पूर्णेचे पात्र त्या संरक्षणाबाहेरच. वाळू ट्रॅक्टर भरून जाते, विचारणा मात्र वेलवाल्याची होते.

कोणी म्हणेल, गाळपेरवाले विषारी फवारणी करतात. बरोबर. पण 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाण्यात जाणारे विष आधी मजुराच्या अंगात जाते. म्हणून बिनविषारी गाळपेर ही पक्ष्यांआधी आमची मागणी आहे.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे सार्वजनिक होते, हक्क मात्र कागदावर होता. आजही तेच. 2002 च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक पातळीवर समित्या सांगितल्या. त्यात गाळपेरवाला, भोई, मजूर बाई किती ठिकाणी बसते?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. गाळपेरीचे पट्टे आधी भूमिहीनांना, काही वर्षांच्या मुदतीने आणि फवारणी न करण्याच्या अटीवर द्या. विणीच्या काळात वाळूची बेटे मोकळी ठेवायची तर त्याची भरपाई द्या आणि ती पाणी पिणाऱ्या शहरांच्या पाणीपट्टीतून काढा. समितीत त्यांना नावापुरते नव्हे, निर्णयात बसवा. ज्याला काठावर हक्क मिळेल, तोच काठ राखेल. उपाशी माणसाला हुसकून वाचवलेले तळे फार दिवस वाचत नाही.

जय भीम!