थिएटर गप्प झालं तेव्हा



२०१६च्या मे महिन्यात तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या थिएटरात ‘सैराट’ बघितला. ‘झिंगाट’ गाणं सुरू झालं तशी पुढच्या रांगांतली पोरं खुर्च्यांवर चढली, काही जण थेट पडद्यासमोर जाऊन नाचू लागले. शिट्ट्यांनी छताचे पत्रे वाजत होते. सिनेमा संपताना त्याच थिएटरात मला पंख्याची घरघर ऐकू आली.

पडद्यावर हैदराबादचं ते छोटं घर होतं. नायिका आर्चीच्या माहेरची माणसं आईने दिलेल्या वस्तू घेऊन आली होती, चहापाणी झालं होतं, शेजारीण बाळाला घेऊन बाहेर गेली होती. त्यानंतर घरात काय घडलं ते दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी घडताना दाखवलंच नाही. दाखवलं ते परत आलेलं बाळ. ते दुडुदुडु आत जातं, आईबापांना बघतं, रडत माघारी फिरतं आणि फरशीवर इवल्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. बाळ रडतंय हे दिसतं, ऐकू मात्र काहीच येत नाही. सगळा आवाज काढून घेतलेला. पडदा काळा झाला तरी कुणी उठेना. माझ्या शेजारच्या बाईंनी मांडीवर झोपलेल्या मुलाचं पाऊल मुठीत धरून ठेवलं होतं.

यंदाचा दिवाळी अंक त्या शांततेतून सुचला. ‘तुमच्या मनातून न हललेला सिनेमातला एक प्रसंग कोणता, आणि तो का हलला नाही?’ एवढाच प्रश्न आम्ही लेखकांना विचारला. त्यांची उत्तरं पुढच्या पानांवर आहेत. माझं उत्तर इथे मांडतो. ऐन क्षणी ज्या दिग्दर्शकाला हात आखडता घेता येतो, त्याचा प्रसंग टिकतो. आणि आधी भरपूर पेरून ठेवलेलं असेल, तरच तो हात आखडता घेता येतो.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’मधला (१९५५) प्रसंग आठवा. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी आलाय. वादळाने घर मोडलंय, आणि लेक दुर्गा गेल्याचं त्याला ठाऊक नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक काढून बायकोला दाखवतो. पोळपाट-लाटणं. लक्ष्मीची तसबीर. मग दुर्गासाठी आणलेली साडी. ती हातात येते आणि इतका वेळ गप्प असलेल्या सर्वजयाचा बांध फुटतो. सर्वजया झालेल्या करुणा बॅनर्जींचा चेहरा आक्रोशाने पिळवटलेला दिसतो, कानावर मात्र येतो तारशहनाईचा वरच्या पट्टीतला सूर. आईचं रडणं राय यांनी ध्वनिपट्टीवरून काढून टाकलं आणि त्या जागी वाद्य ठेवलं.

ते रडणं ऐकवलं असतं तर ते सर्वजयाचं राहिलं असतं. ते नाही, म्हणून बघणारा तिथे आपल्या घरातलं, आपल्या कानांनी कधीतरी ऐकलेलं रडणं भरतो. पण साडी दिसताच आपल्या पोटात खड्डा पडतो तो त्या साडीमुळेच असं नाही. माळ चोरल्याचा आळ आला तेव्हा याच आईने दुर्गाला केस धरून फरफटत घराबाहेर काढलेलं आपण बघितलंय. लेकीला कधी धड काही मिळालं नाही, हे आईला ठाऊक आहे आणि आपल्यालाही. हे आधीचं काढून टाका, मग उरतं ते नुसतं कापड.

‘फँड्री’मध्ये (२०१३) मंजुळे यांनी हेच वेगळ्या वाटेने साधलं. शाळेच्या आवाराजवळ शाळकरी जब्याचं सगळं घर डुकरामागे धावतंय. शाळेतली मुलं बघतायत, हसतायत. जिच्यासाठी जब्या झुरतो ती शालूही त्या मुलांत आहे, म्हणून तो आडोसा शोधत फिरतो. डुक्कर अगदी टप्प्यात येतं, आणि नेमकं तेव्हा शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो. मग घरातले बाकीचेही एकेक करून जागच्या जागी खिळतात. किशोर कदम यांनी उभा केलेला तो थकलेला बापसुद्धा. डुक्कर आपलं सावकाश निघून जातं.

राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात या कुटुंबाबद्दल आणि आपल्या देशाबद्दल जे कळतं, ते सांगायला एकही संवाद लागत नाही. ज्या गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्याच गावातल्या शाळेच्या राष्ट्रगीताला ती माणसं हातचं काम सोडून मान देतात. आमच्या खेळाला त्या वेळी काही प्रेक्षक उभे राहिले, काही बसून राहिले, काही अर्धवट उठून अवघडले. उभं राहावं की बसावं, हे कुणालाच कळेना. तोवर आपण अंधारात बसून दुसऱ्याची गोष्ट बघत होतो. त्या क्षणी आपणही शाळेच्या भिंतीवरून बघणाऱ्यांतले झालो. म्हणूनच शेवटी जब्याचा दगड सरळ कॅमेऱ्याकडे येतो, तेव्हा तो कुणाला लागायचाय हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग गाजलेल्या संवादांचं काय? त्यांचं मोल मी कमी मानत नाही. यश चोप्रा यांच्या ‘दीवार’मध्ये (१९७५) पुलाखाली दोन भाऊ समोरासमोर येतात. सलीम-जावेद यांनी लिहिलेलं शशी कपूर यांचं ‘मेरे पास माँ है’ हे इवलंसं वाक्य अख्ख्या देशाला पाठ आहे. पण ते वाक्य ऐकल्यावर अमिताभ बच्चन यांच्या विजयचा चेहरा बघा. गाडी-बंगल्याचा हिशोब मांडणाऱ्या माणसाकडे आता उत्तर उरलेलं नाही. टाळ्या वाक्याला पडतात, पण वाक्य टिकलंय ते त्यानंतरच्या निरुत्तर चेहऱ्यावर.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण एक काळजी आहे. आज असे प्रसंग मोबाइलवर तुकड्या-तुकड्याने येतात. ‘सैराट’चा शेवट, ‘फँड्री’चा दगड दोन मिनिटांत बघून होतो आणि अंगठा पुढे सरकतो. तुकडा चुकीचा नसतो, पण त्यामागची पेरणी त्यात नसते. ‘सैराट’ जवळपास तीन तासांचा आहे. विहिरीतली उडी, बुलेट, ट्रॅक्टर, हैदराबादमधले कष्ट, रुसवे, समेट या साऱ्याला त्या तीन तासांत आपण जीव लावलेला असतो, म्हणून शेवटच्या शांततेत तो गुदमरतो. तीन तास दिल्याशिवाय ती दोन मिनिटं हाती लागत नाहीत. मुलांना निदान एवढं तरी आपण सांगायला हवं.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत फराळाच्या ताटाशेजारी वाचायला काहीतरी असतं. अंक उघडायचा, दोन चिवड्याच्या घासांमध्ये एक कथा संपवायची आणि ती ज्याने वाचली नाही त्याच्या हातात द्यायची. सिनेमाही तसाच वाटून घेण्याचा आनंद आहे. या चार दिवसांत घरात माणसं जमतील. एक संध्याकाळ राखून ठेवा, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे बसा आणि एक सिनेमा पहिल्या दृश्यापासून बघा. शेवट झाला की लगेच दिवा लावू नका. कुणीतरी पहिलं वाक्य बोलेपर्यंत जो वेळ जाईल, त्याच वेळेविषयी हा अंक आहे.



ही दीपावली आपल्याला सुखाची जावो.

— संपादक