शेततळे खासगी, जबाबदारीही मालकाची

जालना तालुक्यातील कडवंचीच्या द्राक्षबागा शेततळ्यांनी जगवल्या. पण अशी खासगी तळी २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात बसत नाहीत. तो १५ मीटरपेक्षा उंच आणि काही अटींसह १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांनाच लागू आहे. धोका मात्र उंची पाहून येत नाही. काठावरून पाणी वाहू लागले, की मातीचा भराव झपाट्याने झिजतो आणि फुटतो. ओल्या प्लॅस्टिक अस्तरावर पाय ठरत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. म्हणून तळे काठोकाठ भरू नका, सांडवा मोकळा ठेवा, भरावातील उंदरांची बिळे बुजवा. सभोवती कुंपण घाला. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर तळापर्यंत सोडा. या कायद्याखाली तपासणीला कोणी येणार नाही. पावसाळ्याआधी ती मालकानेच करायची आहे.