म्हातारा ससा आळशी नसतो

पाळलेला ससा उड्या मारेनासा झाला की लोक म्हणतात, "हा आळशी झाला, देऊन टाका कुणाला तरी." मला हे मुळीच पटत नाही.

लहान ससा सकाळ-संध्याकाळ घरभर पळतो. नीट सांभाळला तर ससा ८ ते १० वर्षे जगतो. ५-६ वर्षांनंतर तो कमी पळतो, जास्त झोपतो. कधी कधी त्याचे सांधे दुखतात. आपले आजोबा पण ओट्यावर बसून राहतात. त्यांना कुणी आळशी म्हणतं का?

सारंगखेड्याच्या यात्रेत दात बघून घोड्याचे वय सांगतात. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याचं वय तसं कळत नाही. त्याच्या चालीकडेच बघावं लागतं.

पण मित्रांनो, म्हातारपण हळूहळू येते. काल पळणारा ससा आज एकदम बसून राहिला आणि काही खाईना, तर तो आजारी आहे. त्याला त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरकडे न्यावे.

म्हाताऱ्या सशाला बसायला मऊ गोणपाट द्यावे. चारापाणी जवळ ठेवावे. लहानपणी ज्याला खेळवलं, त्याला म्हातारपणी हाकलू नये, असे माझे मत आहे.

— इयत्ता ४ थी, म्हसावद