ड्राय डिस्ट्रिक्ट, ड्राय सॉकेट

दिवाळीला वर्ध्याला घरी गेलो आणि येताना एक दाढ कमी घेऊन आलो. खालची अक्कलदाढ, आडवी आलेली. पुण्यात सुट्टी मागायची कोणी? त्यापेक्षा घरी आईच्या हातची मऊ खिचडी खात उरकून टाकू, हा आपला फंडा. शुक्रवारी दाढ काढायची, शनिवार-रविवार आराम, सोमवारी गाडी, मंगळवारी ऑफिस. पक्का प्लॅन!

फक्त दाढेला तो कोणी सांगितला नव्हता.

दोन दिवस झकास गेले. सूज होती, पण ठणका उतरत होता. रविवारी संध्याकाळी मित्र आले. ‘काहून बे, दाढच काढली ना?’ म्हणत त्यांनी पानठेल्यावर नेलं. वर्धा म्हणजे गांधीजींचा जिल्हा, १९७०च्या दशकापासून दारूबंदी. पण खर्रा? तो पाहुणचारातच धरतात. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून मस्त घोटलेला. चिमूटभर घेतला, तोही दुसऱ्या बाजूने. दोनदा थुंकलो.

पहाटे तीनला ताडकन उठून बसलो. कळ जबड्यातून निघायची ती थेट कानात, तिथून कानशिलात. तोंडाला घाण वास. गोळीचा उपयोग शून्य. त्यात लाज वेगळीच. तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायला हवं, मग आपणच एवढे नाजूक कसे? सकाळपर्यंत आईलाही उठवलं नाही.

डॉक्टरांनी नुसतं बघितलं आणि विचारलं, ‘गुठळी कुठे गेली?’

तेव्हा कळलं, दाढ काढल्यावर खड्ड्यात रक्ताची जी गुठळी बसते, ती म्हणजे शरीराने घातलेलं बँडेज. तिच्याखाली नवा थर धरतो. ती निघाली किंवा विरघळली, की आतलं हाड उघडं पडतं. यालाच ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. १८९६ पासून हे नाव चालू आहे. साध्या दाढेला क्वचित होतं, पण खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेला बरंच जास्त. तंबाखू, सिगारेट, जोरात चुळा भरणं, थुंकणं, सगळं धोक्याचं. स्ट्रॉने कोल्ड कॉफी ओढणाऱ्यांनीही हसू नये!

लक्षात ठेवायची खूण एकच. साधं दुखणं रोज थोडं थोडं उतरतं. उतरलेलं दुखणं दुसऱ्या ते चौथ्या दिवसात पुन्हा चढलं, तर तो नाजूकपणा नाही, डॉक्टरकडे परत जायचं कारण आहे. ताप आला, सूज वाढत गेली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर त्याच तासाला.

डॉक्टरांनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली. वास ओळखीचा होता. लवंग! पट्टीत युजेनॉल असतं, लवंगेच्या तेलातलंच. म्हणजे आजीचं बरोबर होतं. अर्थात, घरी तेलाचा बोळा खड्ड्यात कोंबायचा नाही, उघडा भाग भाजतो. थोड्या वेळात कळ ओसरली आणि मी खुर्चीतच जवळजवळ झोपलो.

मग ते म्हणाले, ‘आता तीन बोटं उभी धरून तोंडात घाल.’ दोन गेली. तिसरं अडलं.

दाढेमुळे असेल, मी म्हटलं. असेलही, ते म्हणाले. पण खर्रा किती वर्षं? सुपारीने गालाच्या आतला पडदा कडक होत जातो, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे मी त्यांना ऐकवलं. ते फक्त माझ्याकडे बघत राहिले.

सोमवारची गाडी सोडली. बॉसला फोन केला. ‘रेस्ट घे’ एवढंच म्हणाला, मी मात्र त्यासाठी रात्रभर घाबरलो होतो. दोन-तीनदा पट्टी बदलली, कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भरल्या आणि आठवड्याभरात दुखणं गेलं. हिरडी जुळायला काही आठवडे लागले, आतलं हाड भरायला काही महिने लागतात.

जीभ अजून तिथे जाऊन चाचपते. खड्डा भरतोय. आपण त्यात लुडबुड केली नाही, की तो आपला आपण भरतो.

तिसऱ्या बोटाचं मात्र तसं नाही. दाढेची सूज केव्हाच उतरली, तरी ते रोज सकाळी आरशासमोर अडतंच. खर्रा सोडून चाळीस दिवस झाले.