गळतंय, हे आधी सांगा

गेल्या आषाढातली गोष्ट. सकाळी सातच्या सुमाराला पुतण्या दारात उभा. हातात पातेलं. मला वाटलं, दूध घेऊन आला असेल. बघतो तर पातेल्यात गढूळ पाणी.

"काका, हे गाडीतनं काढलंय," तो म्हणाला. "अजून दोन पातेली निघतील."

गाडी नवी होती. वरचा टप उघडून मागं टाकता येतो, डोंगरात चढते, चिखलात घुसते, त्या जातीची. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण तक्रार एका कंपनीची नाही. पाडव्याला हार घालून, पेढे वाटून ती दारात आली होती. मे महिन्यात टप उघडून सगळं घर पन्हाळ्याला जाऊन आलं. मीही गेलो होतो. तीन दरवाजापाशी उतरलो तेव्हा केसांचं पार जंगल झालं होतं, पण या वयात वारा असा अंगावर घ्यायला मिळाला म्हणून खूशही होतो.

मग जून आला. पहिल्या वळवाला सीटची कड ओली झाली. काच उघडी राहिली असेल, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. आषाढात मात्र पायाखालचं मॅटिंग दाबलं की पाणी वर यायला लागलं. जिथनं गाडी घेतली तिथं तो गेला. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, या गाड्यांचं असंच असतं. थोडं येणारच. पावसात कशाला नेता?"

"मग कोल्हापुरात जून ते सप्टेंबर गाडी काय देव्हाऱ्यात ठेवू?" पुतण्या मला विचारत होता. मी हसलो. पण पुढचं वाक्य ऐकून हसू थांबलं. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत सांभाळतो आणि विकून टाकतो. कोरड्यात कोण बघतंय?"

वाचकहो, आजचा लेख या एका वाक्यासाठी आहे. पण आधी ही गाडी का गळते, ते सांगायला हवं.

या गाड्यांची मूळ आई म्हणजे युद्धातली जीप. १९४० साली अमेरिकी सैन्याला घाईनं एक हलकी, कुठंही जाणारी गाडी हवी होती, आणि पहिला नमुना द्यायला मुदत होती अवघी ४९ दिवसांची. दुसऱ्या महायुद्धात अशा सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या. शिपायाला पटकन चढता-उतरता यावं म्हणून दारं नाहीत, पुढची काच बॉनेटवर आडवी टाकता येते, वर नुसतं कॅनव्हासचं हूड. पाणी आत येणार हे तिच्या कर्त्यांनी गृहीतच धरलं होतं. म्हणून त्यांनी तळालाच बूच लावलेलं एक भोक ठेवलं. आलेलं पाणी त्यातनं जाईल. सीट साधी, खाली उघडा पत्रा, वायरिंग मोजकंच. भिजली तरी ऊन लागलं की वाळायची.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र यांनी मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि ती गाडी आपल्या घाटावर आली. कलेक्टर, पाटबंधारे, जंगल खातं, साखर कारखाने, सगळ्यांकडं जीप. आता तिचे वंशज लोक हौसेनं घेतात. अमेरिकेत रँग्लर आहे, आपल्याकडं २०१० पासून थार आहे. सगळ्यांचं हूड मात्र त्याच प्रश्नाशी झगडतं. जे उघडायचं आहे ते पक्कं बंद कसं करायचं?

साध्या मोटारीचं छप्पर अखंड पत्र्याचं असतं. काढता येणाऱ्या टपाला मात्र जितके तुकडे तितके सांधे, आणि जितके सांधे तितकी रबरं. रबर उन्हानं कडक होतं, दाबून दाबून चपटं होतं. कापडी हुडाची गंमत आणखी वेगळी. जुना सुती कॅनव्हास भिजला की त्याचा धागा फुगायचा आणि शिवणीची भोकं आपोआप बुजायची. फक्त आतनं बोट लावायचं नाही. लावलं की तिथनं ठिबकायला सुरुवात. आताच्या कृत्रिम कापडाला पाणी शिवत नाही हे खरं, पण त्याचा धागाही फुगत नाही. शिवणीवर वेगळा लेप हवा. तो निघाला की सुईच्या प्रत्येक भोकातनं थेंब.

आणि पाणी मोठं लबाड. शिरतं एकीकडनं, दिसतं दुसरीकडं. काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यात शिरतं, नळीच्या आतनं उतरतं, आणि सापडतं मागच्या सीटखाली. नव्या गाडीत खाली गालिचा, गालिच्याखाली फोम, फोमशेजारी वायरींचे जोड. एकदा प्यालेलं पाणी फोम आठवडेच्या आठवडे सोडत नाही. मग कुबट वास येतो, जोडांवर हिरवा गंज चढतो, पत्रा खालनं खात जातो. तळाचं बूच काही गाड्यांत आजही असतं. ते गालिच्याखाली झाकलेलं असतं आणि मालकाला कुणी दाखवलेलं नसतं.

तेव्हा 'थोडं येणारच' हे शोरूमवाल्याचं म्हणणं पुरतं खोटं नव्हतं. ते तीन महिने उशिरा सांगितलं, एवढाच त्याचा दोष. पाडव्याला पेढा खाताना सांगितलं असतं तर?

आता माझी गोष्ट. ती मी पुतण्याला त्याच सकाळी सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. बँकेतनं निवृत्त झालो, कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत दुसऱ्यांची बरीच पापं लिहिली. ही एक राहून गेली.

१९८४ साल. मी पंचविशीतला, गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका शाखेत शेतीकर्जाचा अधिकारी. तिथला पाऊस म्हणजे काय, हे शिरोळच्या माणसाला सांगून पटत नाही. एकाच जिल्ह्याची ही दोन टोकं. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस गेला तरी कुणी भुवया उंचावत नाही. शाखेला एक जुनी जीप होती. ड्रायव्हरना सगळे मामा म्हणत. पावसाळ्यात जीपमध्येही ते डोक्यावर इरलं घेऊन बसत. मला हसू यायचं. ते म्हणत, "सायेब, हिला वरनं गळायची सवय हाय, मला भिजायची न्हाई."

त्या काळी एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत म्हशीसाठी कर्ज मिळे. अत्यल्पभूधारकाला तिसरा हिस्सा अनुदान. एका वाडीतल्या विधवा मावशींचं प्रकरण मी स्वतः जाऊन घेतलं. उतारा, वारसाची नोंद, उत्पन्नाचा दाखला, सगळे कागद हातानं लिहिलेले, शाईचे, जांभळ्या शिक्क्यांचे. त्यांनी म्हैसही बघून ठेवली होती. दुसऱ्या वेताची, गाभण. मालकाला महिनाभर थांब म्हणून सांगितलं होतं.

कागदांची कापडी पिशवी मी मागच्या बाकावर टाकली. नेमकी हुडाच्या शिवणीखाली. मामा म्हणाले होते, "सायेब, पिशवी मांडीवर घ्या." मी घेतली नाही. दमलो होतो, आणि मांडीवर माझा डबा होता.

शाखेत येऊन पिशवी उघडली तर आत लगदा. टेबलावर पंख्याखाली कागद वाळवले. कागद वाळले, अक्षरं गेली. वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "कागद अपुरे आहेत म्हणून परत पाठवून दे. जीप गळते असं काय लिहिणार आहेस?" मी तसंच पत्र लिहिलं. कागदपत्रे अपूर्ण व अवाचनीय असल्याने प्रकरण परत करण्यात येत आहे. खाली माझी सही, झोकदार.

मावशी भर पावसात आल्या. घोंगड्याची खोळ डोक्यावर. म्हणाल्या, "समदं नीट दिल्तं की सायेब." मी फाईलमध्ये बघत राहिलो. त्याच म्हणाल्या, "बरं, परत आणतो." आमच्याकडच्या बायका 'आणतो', 'येतो' असंच बोलतात. तलाठी रजेवर होता. तीन खेपा झाल्या, त्याही चालत. नवे कागद हाती येईपर्यंत म्हशीच्या मालकानं म्हैस दुसऱ्याला देऊन टाकली होती.

दिवाळीच्या सुमाराला त्यांना दुसरी म्हैस मिळाली. तिला दूध बेताचंच होतं. तरी मावशींनी एकही हप्ता चुकवला नाही. मी वसुलीला गेलो की पैसे मोजून देत आणि पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर दोरा गुंडाळून फळीवर ठेवत. एकदा विचारलं, "एवढं कशाला, मावशी?" म्हणाल्या, "भिजलं म्हंजे तुमी परत मागचिला न्हवं."

तेव्हाही मी बोललो नाही. दोन वर्षांनी बदली झाली. जीप गळते, आणि कागद माझ्या हलगर्जीनं भिजले, एवढी दोन वाक्यं बोललो असतो तर मीच तलाठ्याकडं जाऊ शकलो असतो, निदान म्हशीच्या मालकाला चार दिवस थांबवू शकलो असतो. गळणारं हूड तर क्षम्य होतं. कापड ते, गळणारच. नुकसान झालं माझ्या गप्प बसण्यानं, आणि ते ज्यांनी भोगलं त्यांना कारण कधीच कळलं नाही.

ही एका गाडीची नि एका म्हशीची गोष्ट असती तर रविवारची तुमची सकाळ मी अडवली नसती. पण आपल्या गावाचा व्यवहारच असा होत चालला आहे. पाणी येणाऱ्या जागा बघायला माणसं उन्हाळ्यात जातात. जमीन कोरडी, हवा छान, पंचगंगा लांब दिसते. घेणारा विचारत नाही, विकणारा सांगत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, आणि कोरड्यात घेतलेल्या घरांतली माणसं बोटीतनं बाहेर काढावी लागली. २००५ ला पाणी आलं होतं, २०२१ ला पुन्हा आलं. पाण्यानं काही लपवून ठेवलं नव्हतं.

याच जिल्ह्यात उलट उदाहरणही आहे. शाहू महाराजांनी ज्याचं काम सुरू करवलं त्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की ते आपोआप उघडतात. दर पावसाळ्यात 'राधानगरीचा दरवाजा उघडला' ही बातमी सगळं कोल्हापूर वाचतं आणि नदीकाठची माणसं गुरं सोडायच्या तयारीला लागतात. पाणी येणार हे मान्य करणं, त्याला वाट ठेवणं आणि ते आल्याचं सगळ्यांना कळणं, या तिन्ही गोष्टी तिथं आहेत. जुन्या वाड्याच्या चौकातही तेच होतं. वर आभाळ मोकळं, पण खाली फरशीला उतार आणि कोपऱ्यात मोरी.

कुणी म्हणेल, लाखो रुपये मोजलेल्या माणसानं कोरड्या सीटची अपेक्षा करायची नाही का? जरूर करावी. सदोष माल विकला तर दाद मागायला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. पण कायदा भांडणानंतर येतो. त्याआधीचं काम दोघांचं आहे. विकणाऱ्यानं सांगावं, की हा टप मौजेचा आहे, धो धो पावसात इथून नि इथून पाणी येऊ शकतं, रबर अमुक दिवसांनी बदला, आणि तळाचं बूच हे इथं आहे. घेणाऱ्यानं गाडीला हार घालण्याआधी पाण्याची नळी घालावी. नळी खालून वर न्यायची, एकानं आत बॅटरी घेऊन बसायचं. दाराचं रबर बघायला बँकवाल्याची युक्ती सांगतो. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. नोट सहज निघाली तर पाणीही सहज शिरेल. हूड ओलं असताना घडी घालू नका, बुरशी धरते. आणि दसऱ्याच्या सोहळ्यात निघणाऱ्या छत्रपतींच्या उघड्या मेबॅक मोटारीचा मुहूर्त लक्षात ठेवा. ती आश्विनात निघते, आषाढात नाही.

पुतण्यानं सगळं ऐकलं. काही बोलला नाही. पातेलं घेऊन गेला. पुढं तो गाडी घेऊन उद्यमनगरात एका कुशनवाल्याकडं गेला. त्यानं गालिचा काढला, फोम उन्हात टाकला, बूच शोधून दिलं, दोन रबरं बदलली. गळती बरीच कमी झाली, पूर्ण थांबली नाही.

दिवाळीनंतर गिऱ्हाईक आलं. मी मुद्दाम अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. माणूस सांगली जिल्ह्यातला, जतकडचा. त्यानं बॉनेट उघडलं, टायर बघितले, टप दोनदा उघडून मिटून पाहिला. किंमत ठरायच्या बेताला आली. पुतण्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "पाहुणं, एक सांगायचं राहिलं. ही गाडी पावसात गळते. डाव्या कोपऱ्यातनं. हे बूच बघून ठेवा."

माणूस क्षणभर गप्प. मग मोठ्यानं हसला. "अहो, आमच्या जतला गळायला आधी पाऊस तर पडू दे!"

त्यानं वीस हजार कमी करून घेतले. पुतण्यानं दिले. गाडी टप उघडा टाकून रस्त्याला लागली आणि वळणावर त्या माणसानं हात वर केला. मला त्या मावशी आठवल्या. त्यांची वाडी अजून तिथंच आहे. त्या आज आहेत की नाहीत, हे विचारायलासुद्धा मी चाळीस वर्षांत गेलेलो नाही. या पावसाळ्याआधी जायचं ठरवलं आहे.