प्रतिपालक कोण होऊ शकतो?

दुसऱ्याचे मूल घरी आणून वाढविणे म्हटले की आपल्याकडे तत्काळ दत्तकाचाच विचार होतो, आणि व्यापारी कुटुंबांत त्याच्या पाठोपाठ वारस, वाटणी, पेढीचे नाव हे प्रश्न येतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ ने मात्र प्रतिपालकत्वाचा निराळा मार्ग दिला आहे. यात मूल घरात राहते, शाळेत जाते, पंगतीला बसते. पण कायद्याने ते त्या घराचे होत नाही. प्रतिपालकांच्या मिळकतीत त्याला वारसाहक्क नसतो. बँकेतील सुरक्षित अभिरक्षेची उपमा येथे रूक्ष वाटेल, परंतु ती नेमकी आहे: जबाबदारी पूर्ण, मालकी नाही.

ही मुले प्रामुख्याने बालगृहांतील, सहा वर्षांपेक्षा मोठी असतात. कोणाला भेटायला कुणीच येत नाही, तर कोणाचे आईवडील सांभाळ करण्यास असमर्थ ठरलेले असतात. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची नजर बहुधा तान्ह्या बाळाकडे असते. दहा वर्षांच्या मुलाला घर मिळणे त्यामुळेच अवघड जाते.

पूर्वी प्रतिपालकत्व केवळ विवाहित दांपत्यांसाठी होते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी ते ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तींनाही खुले केले. अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित, सर्वांचा त्यात समावेश होतो. एकट्या स्त्रीला मुलगा वा मुलगी, कोणाचेही संगोपन करता येते. एकट्या पुरुषाला फक्त मुलाचे. दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे आणि दोघांचीही संमती असावी. पूर्वी पाच वर्षांच्या संगोपनानंतर दत्तकाचा विचार होत असे. आता मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असल्यास तो दोन वर्षांनी होऊ शकतो.

उत्पन्न पाहिले जाते, पण कलम ४४ मध्ये कुटुंबाची क्षमता, हेतू आणि मुलांना सांभाळण्याचा पूर्वानुभव यांचा उल्लेख आहे. यांतील हेतूची परीक्षा सर्वांत कठीण. दुकानात विश्वासू पोऱ्या हवा, स्वयंपाकघरात हाताखाली मुलगी हवी, असा विचार मनाच्या कोपऱ्यात असेल तर त्या घराने अर्जच करू नये. सुटीत घरचा नातू गल्ल्यावर बसतो आणि आणलेला मुलगा गोदामात पोती मोजतो, हा भेद पाहुण्यांच्या लक्षात येत नसेल. मुलाच्या तो पहिल्याच दिवशी येतो.

एकत्र कुटुंबात निर्णय केवळ पतिपत्नींचा राहत नाही. वैद्यकीय तपासणी घरातील सर्वांची होते, आणि गृहभेटीत घरातील वातावरणही पाहिले जाते. आजेसासूबाईंना नको असलेले मूल सुनेने कितीही मायेने आणले, तरी त्याचे दिवस सुखाचे जात नाहीत. मुलाच्या जिभेला वेगळ्या अन्नाची सवय असेल, बोली वेगळी असेल. घरच्या आहाराचे नियम त्याला समजावून सांगता येतात, पण त्याच्या मागील घराची अवहेलना करून नव्हे.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी लागते. समितीने मनाई केली नसेल तर जन्मदाते भेटायला येऊ शकतात, आणि त्यांची परिस्थिती सुधारल्यास मूल त्यांच्याकडे परतूही शकते. ज्यांना हे मान्य आहे, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडे चौकशी करावी. अंतिम आदेश बाल कल्याण समितीचा असतो.