आधी दम मोजा, मग पैसे मोजा

माळेगावच्या यात्रेत खोंड घ्यायला गेलेला आपला शेतकरी काय काय पाहतो ते आठवा. ओठ उघडून दात मोजतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो. जनावर लाल कंधारी असो की देवणी, मालकाने कितीही शपथा घेतल्या तरी दात पाहिल्यावाचून तो इसार देत नाही. तोच शेतकरी जुनी गाडी घेऊन गॅरेजात जातो आणि मिस्त्रीने ‘इंजिन गेलं’ म्हटले की मान हलवून मोकळा होतो.

ही चूक माझ्याही हातून व्हायची, थोडक्यात चुकली.

आमच्या दारात २००८ सालची मारुती ८०० आहे. मागच्या हिवाळ्यात ती कुरकुरू लागली. सकाळी लवकर चालू होईना, लोह्याकडच्या चढावर दुसऱ्या गिअरवर यायची, उभी असली तरी थरथरायची. नांदेडच्या एका मिस्त्रीने दोन मिनिटे आवाज ऐकला आणि ‘फुल इंजिन काम’ सांगितले. पिस्टन, रिंगा, बोअर, बेअरिंग, सगळे. आकडा ऐकला तेव्हा सोयाबीनची पट्टी डोळ्यांपुढे आली. निम्मी तिथेच जात होती.

आईला महिन्यातून दोनदा नांदेडला दवाखान्यात न्यावे लागते. धाकटीच्या लातूरच्या शिकवणीची फी भरायची होती. सगळे त्याच एका पट्टीतून. रात्री घरात बोलणे निघाले तेव्हा आमची सौ. म्हणाली, “अहो, बैलाचे दात बघता. मग इंजिनाचे कुणी बघितले?”

इंजिनाचे दात म्हणजे कंप्रेशन. पिस्टन वर येतो तेव्हा सिलिंडरातले पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते. ते जेवढे घट्ट दाबले जाईल तेवढा पुढचा भडका जोराचा आणि गाडीला ओढ तेवढी जास्त. सायकलच्या पंपाचे भोक बोटाने बंद करून दांडा दाबा, बोटाला रेटा बसतो. आतला वायसर झिजला की तो रेटा जातो. इंजिनाचेही तसेच. दाब निसटायला मुख्य वाटा तीन : पिस्टनच्या रिंगा झिजणे, व्हॉल्व्ह नीट न बसणे आणि हेड गॅस्केट जळणे. पहिल्या दुखण्याला बहुधा सगळे इंजिन उतरवावे लागते. बाकीची दोन हेड उघडून भागतात. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो इथे.

धाकटीला लातूरला सोडायला गेलो तेव्हा तिथल्या एका वयस्क मिस्त्रीकडे गाडी लावली. त्यांनी काही न खोलता आधी घड्याळ काढले. इंजिन गरम होते, बॅटरी चांगली होती. तिन्ही प्लग काढले, ठिणगीची तार सोडवली, मला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगितले आणि एकेका भोकात घड्याळ बसवून पाच-सहा सेकंद स्टार्टर मारला. चांगल्या पेट्रोल इंजिनात हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० ते १३ किलो येतो, आणि सगळ्या सिलिंडरांत जवळजवळ सारखा असावा लागतो. आमचे आकडे आले साडेअकरा, अकरा आणि सहा.

मग त्यांनी तिसऱ्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडले आणि पुन्हा मोजले. ऑइलने रिंगांच्या फटी घटकाभर बुजतात. दाब चांगला वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर वरचा, म्हणजे व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम पडला असेल तर बहुधा मधले गॅस्केट गेलेले असते. आमचा काटा सहावरून जेमतेम हलला. हेड उघडले तर एका व्हॉल्व्हची कड जळलेली. व्हॉल्व्ह बदलला, बाकीचे घासून बसवले, नवे गॅस्केट घातले. नांदेडच्या आकड्याच्या चौथाईहूनही कमी पैशांत गाडी घरी आली. (ऑइलची ही परीक्षा डिझेल जीपवर किंवा ट्रॅक्टरवर करू नका. तिथे दाब फार मोठा असतो, इंजिनाला इजा होऊ शकते.)

आणखी एक. गाडी ओढत नाही म्हणून दम गेलाच असे नाही. क्लच घसरत असेल, ब्रेक धरून राहत असेल, एअर फिल्टर धुळीने भरला असेल, तरीही ती अशीच वागते. आधी ही स्वस्तातली कारणे तपासून घ्यावीत.

आता उलट बाजू. आमच्या शेजाऱ्यांकडेही अशीच जुनी गाडी. तिच्या तिन्ही सिलिंडरांचा दाब सहा-सातच्या घरात आणि ऑइल सोडताच दहाच्या जवळ. मागून निळा धूर, आठवड्याला ऑइल घालावे लागे. दोष रिंगांचा हे उघड झाले. शिवाय तळपत्रा गंजून पायाखाली भोक पडलेले. इंजिन नवे केले असते तरी पत्रा जुनाच राहणार. त्यांनी गाडी आहे तशी, दोष सांगून विकली. शहाणपण केले.

तेव्हा मोजमाप हाती आले की घरात बसून तीन प्रश्न विचारा. पहिला, बाकीची गाडी धड आहे का? पत्रा, गिअरबॉक्स, स्टीअरिंग पाहा. दुसरा, कागद किती दिवसांचे? पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी नवी करावी लागते. त्याचे शुल्क २०२२ पासून बरेच वाढले आहे, वर पर्यावरण कर आहे. नोंदणी संपत आली असेल तर तोही खर्च दुरुस्तीतच धरा. तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा : गाडी घरात काय काम करते? वर्षाकाठी लग्नकार्याच्या आठ-दहा फेऱ्याच होत असतील तर भाड्याची गाडी परवडते. आमच्या आईसारखे कुणी आजारी असेल आणि रात्री-अपरात्री निघावे लागत असेल, तर भाड्याच्या किती फेऱ्या वाचतात त्याचा हिशेब मांडा. विकून किती येतील एवढ्यावरच ठरवू नका. पण पिकावर कर्ज काढून जुने इंजिन बांधू नका, हे मात्र पक्के.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तरी ओम्नीतही ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचेच इंजिन होते आणि ती २०१९ पर्यंत निघत होती, त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग अजून मिळतात. तुमची गाडी दुसरी असेल तर काम काढण्याआधी भाग मिळतात का, ते विचारून घ्या.

दम जाऊ नये म्हणून दोन पथ्ये. सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत शेतरस्त्याची धूळ एअर फिल्टरात बसते. फिल्टर फाटका असेल तर तीच धूळ आत जाऊन रिंगा खरडते. फिल्टर वेळेवर बदला. दुसरे, आपल्याकडच्या बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. माठाला धरतो तसा क्षार आत धरतो, इंजिन तापते आणि गॅस्केट जळते. कूलंटच घाला.

आमच्या घरात एक ठराव झाला आहे. रिंगा जातील त्या दिवशी या गाडीला निरोप द्यायचा, तिच्यावर नवा पैसा घालायचा नाही. तोवर ती आईला दवाखान्यात नेते आहे, आणि धाकटीची फी वेळेवर भरली गेली.